सॅमन : हवामानातील चढउतार आणि वाढ

सॅमनची जन्मपत्रिका त्याच्या खवल्यावर असते. भिंगाखाली झाडाच्या बुंध्यासारखी वलये दिसतात : जोमाच्या वाढीत विरळ, हिवाळ्यात दाट. अलास्कातील ब्रिस्टल उपसागराकडच्या सॉकाय सॅमनची पिले तळ्यात एक-दोन वर्षे काढतात. बर्फ लवकर वितळले, पाणी उबदार राहिले, की ती झपाट्याने वाढून बहुधा एका वर्षातच समुद्र गाठतात. तिथे मात्र गणित उलटते. मासे फार झाले की खाद्य अपुरे पडते, वाढ मंदावते, परिपक्वता लांबते. १९७७ च्या सुमारास उत्तर पॅसिफिकचे हवामान पालटले. अलास्कात जाळी भरू लागली, वॉशिंग्टन-ओरेगॉनकडे रिकामी राहू लागली. २०२२ मध्ये ब्रिस्टल उपसागरात सुमारे ७.९ कोटी सॉकाय परतले. हल्लीचा मासा मात्र पूर्वीपेक्षा लहान भरतो.