घटस्फोटानंतर किशोरवयीन मुलांचा ताबा: कोर्टाचा आदेश बदलता येतो का?

समजा, आईवडिलांचा घटस्फोट झाला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. ताबा आईकडे गेला. आता ती नववीत आहे आणि दहावीनंतर वडिलांकडे शहरात राहून शिकायचं म्हणते. नातेवाईक तिला गप्प करतात, "कोर्टाचा निकाल झालाय, आता काही होत नाही."

हा समज चुकीचा आहे. ताब्याचा आदेश परिस्थितीनुसार बदलता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब प्रकरणात १९७३ मध्येच स्पष्ट केलं आहे. परस्पर संमतीच्या घटस्फोटात ठरलेला ताबाही याला अपवाद नाही.

बौद्धांना या बाबतीत हिंदू विवाह कायदा (१९५५) आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा (१९५६) लागू होतात. नावातला 'हिंदू' शब्द आपल्याला खटकतो आणि स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी रास्तच आहे. पण आज अर्ज करायचा तर याच कायद्यांखाली करावा लागतो. (लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल, तर त्या कायद्याचं कलम ३८.) विवाह कायद्याच्या कलम २६ नुसार घटस्फोटानंतरही ताबा, शिक्षण आणि पोटगीचे आदेश बदलता किंवा रद्द करता येतात, आणि शक्य तिथे मुलांची इच्छा लक्षात घ्यावी असंही ते कलम सांगतं. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ मध्येही समजत्या वयाच्या मुलाच्या पसंतीचा विचार करण्याची तरतूद आहे.

पण पसंती म्हणजे निकाल नव्हे. शेवटचा निकष मुलाचं हित हाच. न्यायाधीश बहुधा मुलाशी आपल्या दालनात एकट्याने बोलतात, कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकही बोलतात. नव्या मोबाईलसाठी घर बदलणारा मुलगा आणि दारूड्या बापाच्या भीतीने झोप न लागणारा मुलगा यांतला फरक त्यांना कळतो. पढवलेलं पोरही लवकर ओळखू येतं. म्हणून मुलाला उत्तरं पाठ करून घेऊ नका. त्याऐवजी काय बदललं हे दाखवा: शाळेची हजेरी, गुणपत्रक, आजारपणाचे कागद, नव्या घरी मुलगी कुठे झोपेल, दिवसभर घरात कोण असेल.

दोघे पालक राजी असले तरी आपसातल्या लेखी कराराने कोर्टाचा आदेश बदलत नाही. संयुक्त अर्ज देऊन आदेश दुरुस्त करून घ्यावा. मूल परस्पर घेऊन जाणं सगळ्यात वाईट. त्याने खरी बाजूही कोर्टात कमजोर होते.

आपल्या वस्त्यांमध्ये आणखी एक अडचण येते. विहारात पंच बसतात, स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी होते आणि 'पोरं आईकडे' असं त्यातच लिहिलं जातं. अशा कागदाने सहसा कायदेशीर घटस्फोट होत नाही आणि ताब्याचा आदेशही नसतो. मग बदलायचं काय? तिथे मूल ज्या ठिकाणी नेहमी राहतं, तिथल्या कौटुंबिक न्यायालयात नव्यानेच अर्ज करावा लागतो. ते नसेल तर जिल्हा न्यायालयात.

मूल अठरा वर्षांचं झालं की ताब्याचा प्रश्नच उरत नाही. त्यामुळे सोळाव्या वर्षी अर्ज करताना अंतरिम आदेशही मागा, नाहीतर तारखांमध्येच वय निघून जातं.

वकिलाच्या फीमुळे थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या (१९८७) कलम १२ नुसार महिला, मुलं आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतल्या बौद्धांनाही हा हक्क आहे, म्हणजे वडिलांनाही. जातीचा दाखला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. तालुक्याला विधी सेवा समिती असते.