टाचणवहीतील चार रकाने

हीरक महोत्सवानिमित्त शाळेची जुनी कागदपत्रे चाळताना एका कपाटात पाठ-टाचणाच्या वह्यांचा गठ्ठा हाती लागला. कित्येक पाने कसरीने खाल्ली आहेत. पण त्यांवर आखलेले रकाने शाबूत आहेत : ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. माजी विद्यार्थ्यांनी ज्या घटक चाचण्या दिल्या, त्यांच्या प्रश्नपत्रिका याच चार रकान्यांतून बेतल्या जात, हे त्यांना बहुधा ठाऊक नसेल. बी.एड.च्या वर्षी मी हे रकाने पाठ केले आणि पुढे पंचवीसहून अधिक वर्षे ते भरले, मग इतरांनी भरलेले तपासले. ते आले कोठून, असा प्रश्न मात्र कधी पडला नाही.

या रकान्यांची कथा ही एका पदवीचीही कथा आहे : अभ्यासक्रम व अध्यापन या विषयातील पदव्युत्तर पदवीची. शिक्षकाने कसे शिकवावे हे सांगणारी अध्यापक विद्यालये जुनीच होती. काय शिकवावे आणि का, हा मात्र शिक्षकाच्या अधिकारातील प्रश्न समजला जात नसे. अमेरिकेत डेन्व्हर शहराचे शाळाप्रमुख जेसी न्यूलन यांनी 1920 नंतरच्या दशकात ही समजूत मोडली. शिक्षकांच्या समित्या नेमून त्यांनी अभ्यासक्रमाची फेररचना त्यांच्याच हाती सोपवली. विद्यापीठांतून तज्ज्ञ बोलावले, ते साहाय्यासाठी. आणि महत्त्वाचे म्हणजे समितीवरील शिक्षकांना वर्गातून मोकळीक देऊन त्यांच्या जागी बदली शिक्षक नेमले. शाळा चालवणाऱ्या कोणालाही या शेवटच्या तपशिलाचे मोल वेगळे सांगायला नको. शाळा सुटल्यावर, दमल्या जिवाने अभ्यासक्रम घडवता येत नाही, हे त्या गृहस्थांना कळले होते.

न्यूलन 1927 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजात गेले. तेथेच 1938 मध्ये हॉलिस कॅसवेल यांच्या नेतृत्वाखाली ‘अभ्यासक्रम व अध्यापन’ हा स्वतंत्र विभाग सुरू झाला. या प्रकारचा तो पहिला विभाग मानला जातो. नावातील ‘व’ फार अर्थपूर्ण आहे. काय शिकवावे आणि कसे शिकवावे, हे दोन प्रश्न दोन निराळ्या माणसांचे नाहीत, हा त्याचा आशय. पुढे त्या विभागाच्या प्रमुख झालेल्या ॲलिस मील यांनी 1946 च्या आपल्या ग्रंथात अभ्यासक्रमातील बदल ही सामाजिक प्रक्रिया असल्याचे मांडले. शिक्षक, पालक, विद्यार्थी यांच्या सहभागाविना छापलेला अभ्यासक्रम बदलेल, शाळा बदलणार नाही, असा त्यांचा रोख होता.

तिकडे शिकागो विद्यापीठात राल्फ टायलर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एक पाठ्यक्रम शिकवीत. त्याची टिपणे 1949 मध्ये लहानशा पुस्तकाच्या रूपाने निघाली. उद्दिष्टे कोणती, त्यांसाठी कोणते अनुभव द्यावेत, त्यांची मांडणी कशी करावी आणि ती साधली हे कसे ओळखावे, असे चार प्रश्न त्यात आहेत. टायलर यांच्या हाताखाली तयार झालेले बेंजामिन ब्लूम यांनी सहकाऱ्यांसह 1956 मध्ये उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि लगेच 1957-58 मध्ये ते भारतात आले. माध्यमिक शिक्षकांसाठी परीक्षासुधारणेच्या कार्यशाळा झाल्या, 1958 मध्ये केंद्रीय परीक्षा विभाग स्थापन झाला, आणि उद्दिष्टांची ही भाषा आपल्या टाचणवह्यांत उतरली.

टायलरांचा पहिला प्रश्न मात्र वाटेत कोठेतरी गळाला. उद्दिष्टे कोणती, हे ठरलेलेच होते. शिक्षकाकडे उरले ते खूण करणे. मी स्वतः वह्या तपासताना रकाना रिकामा नाही ना, एवढेच पाहत आले. अमुक पाठ या मुलांना का, असे एकाही शिक्षकाला विचारल्याचे मला आठवत नाही. हा दोष माझा आहे.

आपल्यासारख्या शाळेला तर हा प्रश्न टाळून चालणार नाही. पाठ्यपुस्तके गांधीनगरहून येतात, घरची भाषा मराठी, रस्त्यावरची गुजराती, आणि पालकांचे लक्ष इंग्रजीकडे. या मुलांना मराठीतून नेमके काय द्यावे, हे कोणतेही मंडळ आपल्यासाठी ठरवून देणार नाही. ते ठरवण्याची तयारी करून देणारे शिक्षण मात्र आपल्या देशात नवे नाही. मुंबई विद्यापीठाने 1936 मध्ये एम.एड. सुरू केले. आपल्याच वडोदऱ्यात 1935 चे अध्यापक महाविद्यालय 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग झाले, आणि भारतातील शैक्षणिक संशोधनाचा पहिला मोठा आढावा येथूनच 1974 मध्ये प्रा. म. भ. बुच यांच्या संपादनाखाली निघाला. शाळेपासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर हे सारे होते. माझे एम.एड. तरीही राहूनच गेले. घर, मुले, शाळा, नेहमीचीच कारणे.

गेल्या मार्चमध्ये आमच्या एका तरुण शिक्षिकेने एम.एड.साठी रजेचा अर्ज दिला. हा अभ्यासक्रम 2015 पासून दोन वर्षांचा झाला आहे. मराठी शिकवणारी दुसरी शिक्षिका येथे सहज मिळत नाही. अर्ज फेटाळावा असे मंडळातील काहींचे मत होते, आणि खरे सांगायचे तर पहिले दोन दिवस माझेही. डेन्व्हरच्या बदली शिक्षकांविषयी वाचले ते त्याच सुमारास. रजा मंजूर झाली आहे. तिच्या सहावी व आठवीच्या मराठीच्या तासिका जूनपासून मी घेत आहे. माझी टाचणवही ती शनिवारी येऊन तपासते.