चौकोनांच्या गोधडीतील जोड जुळविणे

चौकोनी तुकडे एकमेकांना शिवून केलेल्या गोधडीत चार तुकड्यांची चार टोके जिथे एकत्र येतात, तिथे शिवणाऱ्याच्या हाताची परीक्षा असते. रंगसंगती कितीही देखणी असो, हा सांधा तांदळाच्या दाण्याएवढा सरकला तरी पाहणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. नवे कापड असेल तर तुकडा बिघडल्यावर दुसरा कापता येतो. पण आजीच्या लुगड्यांची किंवा आईच्या साड्यांची गोधडी करायला घेतली की कापड तेवढेच असते, आणि विरत चाललेले असते. म्हणून जोड का चुकतो हे कात्री हाती घेण्यापूर्वीच समजून घ्यावे.

बेळगाव-कोल्हापूरकडच्या वाकळीत किंवा कोकणातल्या गोधडीत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. तिथे जुन्या कापडाचे थर एकावर एक अंथरतात, वर ठिगळे मांडतात आणि धावदोऱ्याने सगळे एकजीव करतात. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी स्त्रियांची कवंद तर कडेपासून सुरू होते. एकेक ठिगळ कड दुमडून ठेवत आणि सर्व थरांतून टाका घालत त्या मध्याकडे सरकत जातात. चारही कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची ‘फुले’ बसवली की कवंद पुरी होते. एक तुकडा दुसऱ्यावर थोडा चढत असल्याने टोकाला टोक भिडविण्याचे कारणच तिथे नाही.

तुकडे आधी कडेला कड लावून शिवायचे, त्यांच्या पट्ट्या करायच्या, पट्ट्या जोडून वरचे कापड सिद्ध करायचे आणि मग अस्तर लावायचे, ही रीत निराळी. युरोप-अमेरिकेत ती जुनी आहे. १७१८ साल विणलेली नव्हे, तर तुकड्यांत गुंफलेली अशी एक रेशमी चादर इंग्लंडमधील क्विल्टर्स गिल्डच्या संग्रहात आहे. तिचा प्रत्येक तुकडा कागदाच्या साच्यावर दुमडून हाताने शिवलेला आहे. कागद आकार सोडत नाही, त्यामुळे टोकेही हलत नाहीत. यंत्रावर शिवताना कागदाचा हा आधार नसतो. तिथे मापच सांभाळावे लागते.

जोड चुकलेला दिसतो एका ठिकाणी, पण चूक बहुधा फार आधी झालेली असते. शिवणीच्या आत ठेवायच्या कापडाला, म्हणजे मायेला, या कामात पाव इंच, सुमारे ६ मिलिमीटर, देण्याचा प्रघात आहे. समजा, शिवताना ही माया केवळ १ मिलिमीटरने जास्त घेतली गेली. ती दोन्ही तुकड्यांतून जाते, म्हणजे एका शिवणीमागे २ मिलिमीटर कापड आत गेले. नऊ चौकोनांच्या पट्टीत आठ शिवणी असतात, तेव्हा पट्टी १६ मिलिमीटरने आखूड झाली. शेजारची पट्टी दुसऱ्या दिवशी, थोड्या निराळ्या हाताने शिवली आणि ती बरोबर उतरली, तर दोहोंत अर्ध्या इंचाहून अधिक फरक पडतो. मग आपण एक पट्टी ओढतो, दुसरी चुणतो आणि दोष टाचण्यांना देतो.

यासाठी प्रत्यक्ष कामाआधी एक छोटी चाचणी घ्यावी. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापून शेजारी शेजारी शिवाव्यात व इस्त्री करून मोजाव्यात. मधली पट्टी बरोबर १ इंच आणि एकूण रुंदी साडेतीन इंच भरली पाहिजे. कमी भरल्यास माया जास्त जात आहे. येथे एक बारकावा आहे: शिवण एका बाजूला दुमडली की घडीतच धागा-दोन धागे कापड खर्ची पडते, म्हणून टाका पाव इंचाच्या रेषेवर न घालता केसभर कडेकडे घालावा लागतो. आपल्या घरांतल्या पायाने चालणाऱ्या जुन्या काळ्या यंत्रांवर कापड दाबून धरणारा पाय पाव इंची असेलच असे नाही. त्याच्या कडेवर विसंबण्यापेक्षा सुईपासून माप घेऊन यंत्राच्या पाटावर कागदी चिकटपट्टी लावावी आणि कापडाची कड तिला घासून चालवावी. एक गोधडी पुरी होईपर्यंत यंत्र आणि ही खूण, दोन्ही बदलू नयेत.

कापण्यातली चूक मात्र शिवणीने भरून निघत नाही. नवे सुती कापड आधी धुऊन घ्यावे, कारण नव्या मांजरपाटातली खळ निघाली की ते आटते. वापरलेल्या साडीचे आटणे बहुधा होऊन गेलेले असते. चौकोनाच्या बाजू उभ्या-आडव्या धाग्यांना धरून असाव्यात. उरेब कड हातात धरताच ताणते आणि तिचे माप राहत नाही. पुठ्ठ्याचा साचा दहा-वीस वेळा आखल्यावर कोपऱ्यांत झिजतो व पुढचे चौकोन नकळत लहान होत जातात. त्यापेक्षा जुन्या एक्स-रे फिल्मचा साचा टिकतो. विरलेल्या साडीला हलकी खळ देऊन इस्त्री केली, तर कापतानाचा अर्धा त्रास वाचतो.

आता खुद्द जोडाकडे वळू. पट्टी शिवून झाली की तिच्या सर्व शिवणींची माया एका बाजूला वळवून इस्त्री करतात. पहिल्या पट्टीची उजवीकडे, दुसरीची डावीकडे, तिसरीची पुन्हा उजवीकडे. दोन पट्ट्या समोरासमोर ठेवल्या की वरच्या शिवणीचा उंचवटा खालच्या शिवणीच्या उंचवट्याला येऊन अडतो. चिमटीत धरून दोन्ही पट्ट्या किंचित सरकवल्या की तो क्षण बोटांना कळतो. डोळ्यांपेक्षा बोटेच येथे अधिक विश्वासाची. गडद आणि फिकट चौकोन आलटून पालटून असतील तर दिशा लक्षात ठेवण्याचीही गरज नाही. प्रत्येक शिवण गडद तुकड्याकडे वळवावी, म्हणजे शेजारच्या पट्ट्यांत ती आपोआप उलट पडते, आणि फिकट कापडाखालून गडद माया डोकावत नाही. इस्त्री मात्र ठेवावी व उचलावी. कपड्यांवर फिरवतो तशी फिरवली की पट्टी धनुष्यासारखी वाकते.

शिवताना यंत्राचे खालचे दाते खालचे कापड पुढे ओढतात आणि वरचा पाय वरचे कापड मागे रेटतो. त्यामुळे वरची पट्टी शेवटी लांब उरते. हीच खोड कामाला लावता येते. वरच्या पट्टीची माया सुईच्या दिशेने, म्हणजे आपल्यापासून दूर, वळलेली ठेवावी. पाय तिला मागे रेटतो आणि ती खालच्या उंचवट्याला घट्ट भिडते. पट्ट्यांत थोडा फरक असेल तर लांब पट्टी खाली ठेवावी, दाते तिचा फुगवटा जिरवून टाकतात. टाचण्या आधी प्रत्येक जोडावर लावाव्यात, मधल्या जागेत नंतर. सुई जवळ येताच टाचणी काढावी. तिच्यावरून शिवल्यास सुई मोडते किंवा जोड सरकतो.

त्रिकोणांचे टोक जुळविणे याहून अवघड. त्रिकोणांच्या शिवणी उलट बाजूला एकमेकींना छेदून फुली करतात. ती फुली वर ठेवून शिवावे आणि टाका नेमका तिच्या छेदावरून न्यावा. टाका मायेच्या बाजूला पडला तर टोक कडेपासून सुटते, आतल्या बाजूला पडला तर टोक कापले जाते. आठ टोके एकत्र येणारा तारा पहिल्या गोधडीत घेऊ नये.

इतके करूनही काही जोड हुकतातच. तेव्हा सगळी शिवण उसवू नये. जोडाच्या दोन्ही बाजूंचा इंच-इंच उसवून, तेवढाच भाग हाताने कच्चा टाका घालून पक्का करावा व पुन्हा शिवावा. जुन्या सुती साडीत सुईची छिद्रे बुजत नाहीत आणि दोनदा उसवलेली कड फाटते, म्हणून अशा कापडात मिलिमीटरभर फरक तसाच राहू द्यावा, असे माझे मत आहे. बारीक फुलांच्या छापात तो दिसतही नाही. एकरंगी गडद-फिकट जोडीत दिसतो. म्हणून एकरंगी तुकडे धडधाकट कापडाचे निवडावेत आणि विरलेल्या साडीला छापील शेजार द्यावा.

पट्ट्या जोडताना एकीला दुसरी, तिला तिसरी असे करत गेल्यास शेवटी सारे ओझे यंत्रावरून लोंबते आणि त्याच्या ओढीने जोड सरकतात. आधी दोन-दोन पट्ट्यांच्या जोड्या कराव्यात, मग त्या जोड्या जोडाव्यात. अस्तर लावल्यावर धावदोरा घालताना मात्र चार टोकांच्या बिंदूवरून जाऊ नये. तिथे मायेचे अनेक पदर साचलेले असतात, हाताची सुई अडते आणि जोर लावल्यास जुळलेले टोक हलते. दोरा त्या बिंदूपासून अर्धे बोट बाजूने न्यावा.