फोरहँड

फोरहँड : टेनिसमधील एक मूलभूत फटका. रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूला आलेला चेंडू, तळहात चेंडूकडे राहील अशा रीतीने मारला की तो फोरहँड होतो. अंगाच्या दुसऱ्या बाजूचा फटका तो बॅकहँड. आधुनिक खेळात रॅली उभारण्याचे आणि संपवण्याचे काम मुख्यतः फोरहँडकडे असते. त्यामुळे बॅकहँडच्या कोपऱ्यात आलेला चेंडूही पाय चालवून, वळसा घालून फोरहँडने मारण्याची रीत रूढ झाली आहे. नामवंतांचे फोरहँड दिसायला एकमेकांपासून फार वेगळे आहेत. श्टेफी ग्राफ चेंडू अगदी जवळ येऊ देऊन उशिरा, पण विजेच्या वेगाने मारत असे. रॉजर फेडररचा हात चेंडू गाठताना बराचसा सरळ असे. राफाएल नदालची रॅकेट फटक्यानंतर अनेकदा डोक्याभोवती फिरे. हुआन मार्तिन देल पोत्रोचा फटका सपाट आणि जड होता. पकड, पवित्रा आणि रॅकेटचा मार्ग खेळाडूगणिक बदलतो. वेळेवर केलेली तयारी, अंगापुढे गाठलेला चेंडू आणि पायांपासून हातापर्यंत क्रमाने चढत आलेला जोर या तीन गोष्टी मात्र प्रत्येक उत्तम फोरहँडमध्ये आढळतात.

फटक्याचे गणित : टेनिस कोर्टची लांबी २३.७७ मी. आणि एकेरीसाठी रुंदी ८.२३ मी. असते. जाळीची उंची मध्यभागी ०.९१४ मी., तर खांबांपाशी १.०७ मी. असते. चेंडूचे वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम असते. चेंडू आणि तारा यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागापुरता टिकतो. एवढ्या वेळात मनगटाने दिशा सुधारणे माणसाला शक्य नाही; जे व्हायचे ते स्पर्शाआधीच ठरलेले असते. बेसलाइनवरून निघालेल्या चेंडूची दिशा एका अंशाने चुकली, तर समोरच्या बेसलाइनपर्यंत तो सुमारे ४० सेंमी. बाजूला जातो. ताशी ११०–१२० किमी. वेगाने निघालेला चेंडू टप्पा घेऊन समोरच्या खेळाडूपाशी पोहोचायला साधारण एक सेकंद लागतो. धावणे, वळणे आणि मारणे हे सारे त्या सेकंदात बसवावे लागते.

पकड : रॅकेटची मूठ अष्टकोनी असते. तर्जनीच्या मुळाचा सांधा आणि तळव्याची टाच तिच्या कोणत्या बाजूवर टेकतात, यावरून पकडीचे नाव ठरते. हातोडा धरल्यासारखी ती कॉन्टिनेंटल. रॅकेटच्या तारांवर तळवा टेकवून तसाच मुठीपर्यंत खाली आणला की होते ती ईस्टर्न. तळवा आणखी खाली सरकला की सेमी-वेस्टर्न. आणि जवळजवळ मुठीखाली गेला की वेस्टर्न. नावे भूगोलावरून पडली आहेत. युरोप खंडातल्या मातीच्या कोर्टांवर कॉन्टिनेंटल, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ईस्टर्न, तर कॅलिफोर्नियातल्या उंच उसळीच्या सिमेंट कोर्टांवर वेस्टर्न पकड रुजली. चेंडू जितका उंच उसळतो, तितकी मुठीखालची पकड सोयीची ठरते. आज सेमी-वेस्टर्नचा प्रसार सर्वाधिक आहे, कारण कंबरेपासून खांद्यापर्यंतचे चेंडू तिने सहज मारता येतात. कॉन्टिनेंटल पकड आता मुख्यतः सर्व्हिस, व्हॉली आणि स्लाइससाठी राहिली आहे.

तयारी : चेंडू समोरच्या रॅकेटवरून सुटताच खांदे आणि कंबर एकत्र वळतात. चांगला खेळाडू या वेळी रॅकेट हाताने मागे ओढत नाही. धड वळते आणि रॅकेट त्याच्यासोबत जाते. दुसरा हात काही काळ रॅकेटच्या गळ्यावर राहतो आणि नंतर चेंडूच्या दिशेने आडवा पसरतो. या हातामुळे धड पूर्ण वळते आणि तोल सांभाळला जातो. नवशिक्याचा हा हात बहुधा अंगाशी लोंबत असतो, आणि त्याचा फटका अर्धवट राहण्याचे कारण तिथेच सापडते. चेंडूने टप्पा घेण्यापूर्वी वळण पूर्ण झालेले असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे.

पाय व पवित्रा : प्रतिस्पर्धी चेंडू मारण्याच्या बेतात असताना जागच्या जागी घेतलेली छोटी उडी, म्हणजे स्प्लिट स्टेप, पायांना कोणत्याही दिशेला निघण्यास सज्ज करते. त्यानंतर मोठी पावले, आणि चेंडूजवळ पोहोचताना बारीक पावले टाकली जातात. दोन्ही पाय जाळीला समांतर ठेवून मारणे हा खुला पवित्रा. पुढचा पाय चेंडूकडे टाकून मारणे हा पारंपरिक, बाजूचा पवित्रा. वेळ कमी असताना किंवा चेंडू लांब असताना खुला पवित्रा उपयोगी पडतो. चेंडू आखूड पडला की पुढे पाऊल टाकून वजन त्यात घालता येते. दोहोंतही बाहेरचा पाय आधी रोवला जाणे आणि गुडघा वाकणे आवश्यक असते.

बळाची साखळी : फोरहँडचा जोर दंडातून निघतो, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात जमिनीला दिलेला रेटा पायांतून कंबरेत, कंबरेतून खांद्यात, खांद्यातून हातात आणि शेवटी रॅकेटच्या हेडमध्ये पोहोचतो. प्रत्येक सांधा आपल्या आधीच्या सांध्यापेक्षा किंचित उशिरा सुटतो. ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. हात पुढे जातो, दोरी ताणून मागे राहते आणि दगड सर्वांत शेवटी, सर्वांत वेगाने सुटतो. फोरहँडमध्येही मूठ पुढे निघते तेव्हा रॅकेटचे हेड क्षणभर मागे रेंगाळते आणि मग झपाट्याने पुढे येते. हे रेंगाळणे मुद्दाम करायचे नसते. पकड सैल आणि मनगट मोकळे असले की ते आपोआप घडते. मूठ घट्ट आवळली की साखळी मनगटापाशी तुटते.

चेंडूची गाठ : चेंडू अंगाच्या पुढे, बाजूला पुरेसे अंतर ठेवून गाठला जावा. पकड मुठीखाली जाते तशी गाठीची जागा आणखी पुढे आणि वर सरकते. या क्षणी रॅकेटचा चेहरा जवळजवळ उभा, डोके स्थिर आणि नजर गाठीच्या जागेवर असते. क्रॉसकोर्ट, म्हणजे तिरक्या फटक्यात चेंडू थोडा लवकर, तर सरळ रेषेतल्या फटक्यात थोडा उशिरा गाठला जातो. म्हणजे दिशा बदलते ती मुख्यतः वेळेमुळे.

टॉपस्पिन : रॅकेट चेंडूखालून येऊन वर जाताना तारा त्याच्या पाठीवर घासतात आणि चेंडू पुढच्या दिशेने गरगरतो. अशा चेंडूवर हवेचा दाब खालच्या दिशेने काम करतो. हाइन्रिख गुस्टाव्ह माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये या परिणामाचे स्पष्टीकरण दिले, तर लॉर्ड रॅले यांनी १८७७ मध्ये टेनिस चेंडूच्या वाकड्या उड्डाणावर स्वतंत्र निबंध लिहिला. टॉपस्पिनमुळे चेंडू जाळीवरून भरपूर उंचीने जाऊनही बेसलाइनच्या आत उतरतो, आणि टप्प्यानंतर उंच व पुढे झेपावतो. अतिवेगी चित्रीकरणावरून केलेल्या मोजणीत पीट सँप्रस आणि आंद्रे आगासी यांच्या फोरहँडची फिरकी मिनिटाला सुमारे १,८०० ते १,९०० फेरे, तर नदालची सुमारे ३,२०० फेरे भरली.

फॉलोथ्रू : चेंडू गेल्यानंतरची रॅकेटची वाट. ती खांद्यावर, दंडापाशी किंवा डोक्यावर संपते. फॉलोथ्रूने चेंडूवर काहीही परिणाम होत नाही, कारण चेंडू तोवर गेलेला असतो. पण तो अडखळला, तर गाठीच्या आधीच हात थांबवायला सुरुवात झाली होती, हे त्यातून कळते. खांद्यावरचा ताण हळूहळू ओसरण्यासाठीही त्याची गरज असते.

विकास : कॅलिफोर्नियाचा बिल जॉन्स्टन याने वेस्टर्न पकडीचा फोरहँड विसाव्या शतकाच्या आरंभी गाजवला; १९१५ आणि १९१९ चे अमेरिकन अजिंक्यपद व १९२३ चे विंबल्डन त्याने जिंकले. तरी गवती कोर्टांच्या काळात सपाट फोरहँडच प्रमाण मानला जाई. ब्यर्न बोर्गने १९७६ ते १९८० अशी सलग पाच वर्षे विंबल्डन जिंकून जड टॉपस्पिन गवतावरही चालते, हे दाखवले. लाकडाऐवजी ग्रॅफाइटच्या मोठ्या हेडच्या रॅकेट आल्यावर जोराने मारूनही चूक पोटात घेण्याची सोय झाली. १९९७ मध्ये गुस्ताव्हो कुएर्तेनने पॉलिएस्टरचे गटिंग वापरून फ्रेंच स्पर्धा जिंकली. त्यानंतर या तारांचा प्रसार झाला आणि फिरकी वाढली.

हवा आणि कोर्ट : हवामान आणि उंची यांचाही फोरहँडवर परिणाम होतो. उदाहरणार्थ, सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मी. उंचीवर असून उन्हाळ्यात तेथील पारा ४० अंशांच्या वर जातो. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४० अंशांची हवा सुमारे आठ टक्के विरळ असते. उंचीमुळे त्यात आणखी थोडी भर पडते. विरळ हवेत चेंडू कमी मंदावतो. तापलेल्या चेंडूतील हवेचा दाब वाढलेला असल्याने त्याची उसळीही वाढते. अशा दुपारी सपाट फोरहँड बेसलाइनबाहेर जाऊ लागतो. विरळ हवेत माग्नुस परिणामही किंचित घटतो. म्हणून खेळाडू फिरकी वाढवतात किंवा गटिंगचा ताण थोडा चढवतात. १,२१९ मी.पेक्षा उंच ठिकाणांसाठी वेगळे चेंडू वापरण्याची तरतूद नियमांत आहे, पण सोलापूर त्या मर्यादेच्या खूप खाली असल्याने तेथे नेहमीचेच चेंडू चालतात आणि जुळवून खेळाडूलाच घ्यावे लागते. डिसेंबरच्या गार सकाळी तेथलेच कोर्ट मंद वाटते, आणि तोच फटका आखूड पडतो.

सोलापूर व महाराष्ट्र : सोलापुरात कुमठा नाका येथील जिल्हा क्रीडा संकुलात टेनिस कोर्ट असून शहरात आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या महिलांच्या स्पर्धा झाल्या आहेत. पुण्यातील बालेवाडी येथे २०१८ ते २०२३ या काळात (२०२१ चा अपवाद वगळता) एटीपी मालिकेतील महाराष्ट्र खुली स्पर्धा भरली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीची प्रार्थना ठोंबरे हिने २०१४ च्या इंचॉन आशियाई क्रीडा स्पर्धेत सानिया मिर्झाच्या साथीने महिला दुहेरीचे कांस्यपदक मिळवले. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच जोडीने भारताचे प्रतिनिधित्व केले. पहिल्या फेरीत झांग शुआई आणि पेंग शुआई या चिनी जोडीने त्यांना तीन सेटमध्ये हरवले. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले हिने रोहन बोपण्णाच्या साथीने हांगझोऊ आशियाई स्पर्धेत (२०२३ मध्ये झालेल्या) मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले.

मुंबईत जन्मलेल्या सानिया मिर्झाचा फोरहँड हा भारतीय महिला टेनिसमधील सर्वांत गाजलेला फटका होय. लवचीक मनगट, आखूड मागवळण आणि लवकर गाठलेला चेंडू ही त्याची लक्षणे. २००७ मध्ये ती एकेरीच्या जागतिक क्रमवारीत २७ व्या स्थानी पोहोचली. दुहेरीत मार्टिना हिंगिसबरोबर खेळताना ती कोर्टच्या उजव्या अंगाला उभी राहत असे, म्हणजे बाहेरच्या बाजूला आलेली सर्व्हिस तिच्या फोरहँडवर येई. या जोडीने २०१५ चे विंबल्डन व अमेरिकन आणि २०१६ चे ऑस्ट्रेलियन अजिंक्यपद मिळवले. दुहेरीत फोरहँडची कसोटी वेगळी असते : जाळीपाशी उभ्या प्रतिस्पर्ध्याला टाळून चेंडू क्रॉसकोर्ट आणि खाली ठेवावा लागतो, त्यामुळे जोरापेक्षा गाठीच्या वेळेला महत्त्व येते.

दोष व दुखापती : चेंडू उशिरा गाठणे, तो अंगाच्या फार जवळ येऊ देणे, मागे झुकून मारणे, मूठ आवळणे आणि मान वर उचलून चेंडू कुठे गेला हे आधीच पाहणे, हे नेहमीचे दोष आहेत. पाय आणि धड कामाला न लावता हातानेच मारण्याची सवय जडली, तर मनगट, कोपराची आतली बाजू आणि खांदा यांवर भार पडतो. सानिया मिर्झाला २००८ मध्ये मनगटाची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली आणि २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली. लहान मुलांना कमी दाबाचे चेंडू आणि छोट्या रॅकेट देण्यामागचे एक कारण असे : चेंडू कंबरेच्या उंचीवर उसळला की मूल पकड न बिघडवता तो मारू शकते.

सुरुवातीला एक साधा सराव उपयुक्त ठरतो. रॅकेट बाजूला ठेवून जोडीदाराने टाकलेला चेंडू टप्प्यानंतर रिकाम्या हाताने, अंगापुढे झेलायचा. झेल जिथे सहज बसतो तीच साधारणपणे गाठीची जागा होय. रॅकेट हाती आल्यावर तिच्या लांबीइतके अंतर फक्त बाजूला वाढते. झेल अंगाशी किंवा पाठीमागे येत असेल, तर दोष हातात नसून पायांत आहे, असे समजावे.