गणक ते अभियंता : लँगली प्रयोगशाळेतील आफ्रिकी-अमेरिकी स्त्री गणितज्ञांचे योगदान

प्रस्तावना :
अंतराळविज्ञानाचा इतिहास प्रामुख्याने अंतराळवीर, अग्निबाण आणि शीतयुद्धातील स्पर्धा यांच्या अनुषंगाने लिहिला गेला. या उड्डाणांमागील गणित कोणी केले, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात हॅम्पटन येथे असलेल्या लँगली प्रयोगशाळेतील आफ्रिकी-अमेरिकी स्त्रियांच्या कार्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१९३५ मध्ये लँगली येथे पाच स्त्रियांचा पहिला गणकगट स्थापन झाला. त्या काळी 'कॉम्प्युटर' हा शब्द यंत्रासाठी नव्हे, तर आकडेमोड करणाऱ्या व्यक्तीसाठी वापरला जात असे. वातबोगद्यातील चाचण्यांच्या नोंदी वाचणे, त्यांवर गणिती प्रक्रिया करणे व आलेख काढणे हे या गटाचे काम होते. दुसऱ्या महायुद्धात विमाननिर्मिती वाढली आणि मनुष्यबळ अपुरे पडू लागले. कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिल्यानंतर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २५ जून १९४१ रोजी संरक्षण उद्योगातील वर्णभेदास मनाई करणारा ८८०२ क्रमांकाचा आदेश काढला. त्यातून १९४३ पासून लँगलीची दारे कृष्णवर्णीय पदवीधर स्त्रियांसाठी उघडली. तथापि, त्यांची बसण्याची जागा, स्वच्छतागृह आणि भोजनगृहातील टेबल वेगळेच ठेवण्यात आले. त्या टेबलावरील वर्णदर्शक पाटी मिरियम मान या गणक स्त्रीने वारंवार काढून टाकली. अखेर ती पाटी पुन्हा लावली गेली नाही.

डोरोथी वॉन व मेरी जॅक्सन :
शाळेत गणित शिकविणाऱ्या डोरोथी वॉन (१९१०-२००८) १९४३ मध्ये लँगली येथे रुजू झाल्या. १९४९ मध्ये त्यांच्याकडे 'वेस्ट एरिया कॉम्प्युटिंग' या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या विभागाचे प्रमुखपद आले. १९५८ मध्ये नासाची स्थापना झाली आणि हा स्वतंत्र विभाग बंद करण्यात आला. वर्णाधारित विभागणी संपली, ही निःसंशय इष्ट घटना होती. परंतु तिच्यासोबत वॉन यांचे प्रमुखपदही संपुष्टात आले. पुढे त्यांनी फोरट्रान या संगणकभाषेत प्रावीण्य मिळविले, तरी प्रयत्न करूनही त्यांना पुन्हा व्यवस्थापनाचे पद लाभले नाही.

मेरी जॅक्सन (१९२१-२००५) यांनी ६०,००० अश्वशक्तीच्या स्वनातीत वातबोगद्यावर काम केले. अभियंता होण्यासाठी आवश्यक असलेले वर्ग केवळ गौरवर्णीयांसाठी राखीव असलेल्या शाळेत भरत. तेथे बसता यावे म्हणून त्यांना हॅम्पटन नगर प्रशासनाची खास परवानगी घ्यावी लागली. १९५८ मध्ये त्या नासातील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री अभियंता झाल्या.

कॅथरीन जॉन्सन :
कॅथरीन जॉन्सन (१९१८-२०२०) यांच्या मूळ परगण्यात कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाची सोय आठवीपुढे नव्हती. कुटुंबाने स्थलांतर केल्यामुळे त्या शिकू शकल्या आणि १९३७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पदवीधर झाल्या. १९५३ मध्ये त्या लँगली येथे आल्या. १९६० मध्ये टेड स्कोपिन्स्की यांच्यासह त्यांनी लिहिलेला अहवाल विशेष महत्त्वाचा आहे. यान कक्षेत फिरत असताना खाली पृथ्वीही फिरत असते. त्यामुळे यान ठरावीक ठिकाणी उतरावे यासाठी अग्निबाणाचे ज्वलन संपण्याच्या क्षणी त्याची दिशा कोणती असावी, हे काढावे लागते. ती काढण्याची समीकरणे या अहवालात मांडली होती. त्या विभागात एखाद्या स्त्रीचे नाव लेखक म्हणून छापले जाण्याचा हा पहिला प्रसंग होता. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केल्या, त्यापूर्वी विद्युत संगणकाने काढलेले आकडे ग्लेन यांच्या आग्रहावरून जॉन्सन यांनी टेबलावरील यांत्रिक गणकावर पुन्हा तपासले होते.

पदनामाचा प्रश्न :
वर्णभेदाची भिंत पडली तरी लिंगभेदाची शिल्लक होती. १९६७ मध्ये रुजू झालेल्या ख्रिस्टीन डार्डन यांना गणित विषयातील पदव्युत्तर पदवी असूनही गणकगटात नेमण्यात आले, तर तशाच पात्रतेच्या पुरुषांची नेमणूक अभियांत्रिकी विभागात होत असे. या तफावतीचे कारण त्यांनी वरिष्ठांना थेट विचारले आणि त्यानंतर १९७३ मध्ये त्यांची अभियांत्रिकीत बदली झाली. पुढे स्वनातीत विमानांच्या ध्वनिस्फोटाच्या अभ्यासात त्यांनी मोलाचे संशोधन केले.

समारोप :
मार्गो ली शेटर्ली यांचे 'हिडन फिगर्स' हे पुस्तक २०१६ मध्ये प्रकाशित झाले. जॉन्सन यांना २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले होते. २०२१ मध्ये वॉशिंग्टन येथील नासाच्या मुख्यालयास मेरी जॅक्सन यांचे नाव देण्यात आले. हे सन्मान उचितच होत. परंतु जॅक्सन व वॉन यांच्या हयातीत ते आले नाहीत. या स्त्रियांच्या बुद्धिमत्तेविषयी त्यांच्या सहकाऱ्यांना शंका नव्हती, कारण त्यांच्या आकड्यांवर प्रत्यक्ष मानवी प्राण अवलंबून ठेवले गेले. नाकारले गेले ते पदनाम, बढती आणि लेखक म्हणून श्रेय. म्हणून ज्ञानक्षेत्रातील समतेचा विचार करताना केवळ प्रवेशाचे दार उघडले की नाही एवढेच पाहून चालत नाही. दाराच्या आत कामाला कोणते नाव दिले गेले आणि ते कोणाच्या नावावर नोंदले गेले, हेही पाहावे लागते.