ऑफाचा बांध : राजाचे नाव आणि मातीची साक्ष

इंग्लंड आणि वेल्स यांच्या सीमाप्रदेशात, डोंगरउतारांवरून आणि कुरणांमधून, मातीचा एक प्रचंड बांध दक्षिणोत्तर गेलेला आहे. काही ठिकाणी खंदकासह त्याची रुंदी २० मीटरपर्यंत भरते. इंग्रजीत त्याला ‘ऑफाज डाइक’ म्हणतात. वेल्श भाषेतील नावातही ऑफाच आहे. हा ऑफा म्हणजे मर्सिया या अँग्लो-सॅक्सन राज्याचा बलाढ्य राजा, कारकीर्द इ.स. ७५७ ते ७९६.

या श्रेयाचा लेखी आधार मात्र तोकडा आहे. ऑफाच्या हयातीतील एकाही लेखात बांधाचा उल्लेख नाही. तो प्रथम येतो ॲसर या वेल्श धर्मगुरूने इ.स. ८९३ मध्ये लिहिलेल्या आल्फ्रेड राजाच्या चरित्रात, म्हणजे ऑफाच्या मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. ऑफाने वेल्स आणि मर्सिया यांच्यामध्ये समुद्रापासून समुद्रापर्यंत बांध घातला, असे तो ओझरते सांगतो.

जमिनीवरचे चित्र वेगळे आहे. विसाव्या शतकात सिरिल फॉक्स यांनी बांधाची पायी पाहणी केली. त्यांना सुमारे १३० किलोमीटर बांध आढळला, तोही मोठमोठ्या खंडांसह. पुढे डेव्हिड हिल आणि मार्गारेट वर्दिंग्टन यांनी सुमारे १०३ किलोमीटरचा मधला भागच ऑफाचा मानला. हा भाग कोणत्याही टोकाला समुद्रास भिडत नाही. तो मुख्यतः पॉविस या वेल्श राज्याच्या समोर येतो.

खंदक बांधाच्या पश्चिमेला, वेल्सच्या बाजूला आहे. त्यामुळे बांधणारे पूर्वेकडचे होते, याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो काळाचा.

२०१४ मध्ये चर्कजवळच्या उत्खननाचे निष्कर्ष जाहीर झाले. बांधाच्या पोटात दडपल्या गेलेल्या गवताळ मातीचे कार्बन-कालमापन इ.स. ४३० ते ६५२ असे आले. ऑफा गादीवर येण्यापूर्वीचा हा काळ. त्यावरून बांधाचा काही भाग ऑफापूर्वीचा असावा, असे मत पुढे आले. परंतु कार्बन सांगतो ते त्या मातीतील वनस्पतींचे वय. कुदळ पडली तो दिवस नव्हे. जुनी माती उचलून नव्या बांधात घातली असेल, तर हा पुरावा काळाची फक्त एक मर्यादा दाखवतो : बांध त्याआधीचा नाही.

पूर्वेला जवळजवळ समांतर जाणाऱ्या ‘वॉट्स डाइक’ने हा धडा आधीच दिला होता. एका ठिकाणच्या चुलीतील कोळशाने पाचव्या शतकाकडे बोट दाखवले. दुसऱ्या ठिकाणी मातीवर शेवटचा प्रकाश कधी पडला हे मोजल्यावर उत्तर आले नवव्या शतकाच्या पूर्वार्धाचे. बांध एकच, उत्तरांमधले अंतर साडेतीनशे वर्षांहून अधिक.

म्हणून ‘बांध कोणी बांधला?’ या प्रश्नाला एकच नाव पुरेसे नसेल. आधीच्या पिढ्यांनी घातलेले तुकडे ऑफाने जोडले असतील, अशीही एक शक्यता मांडली जाते. टोपल्यांनी माती वाहणाऱ्या माणसांची नावे तर कोणत्याच चरित्रात नाहीत. त्यांची साक्ष मातीच्या थरांत आहे. २०१३ मध्ये चर्कजवळच बांधाचा सुमारे ४५ मीटरचा तुकडा यंत्राने सपाट करण्यात आला. असे थर एकदा विस्कटले की पुन्हा रचता येत नाहीत. राजाचे नाव मात्र तसेच राहते.