ओपनबीएसडी : उघड्या मुठीचा इतिहास

एप्रिल २००३. अमेरिकी फौजा बगदादमध्ये शिरल्या होत्या. त्याच महिन्यात कॅनडाच्या ‘द ग्लोब अँड मेल’ या दैनिकात एका प्रोग्रॅमरचं म्हणणं छापून आलं. नाव होतं थिओ डी राड्ट. त्यांच्या प्रकल्पाला अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संस्थेचं सुमारे २० लाख डॉलरचं अनुदान पेनसिल्व्हेनिया विद्यापीठामार्फत मिळत होतं. इराकवरच्या हल्ल्याबद्दलची नाराजी त्यांनी लपवली नाही. या पैशामुळे निदान अर्धं क्रूझ क्षेपणास्त्र तरी कमी बनेल, अशी आपण मनाची समजूत घालतो, असं ते बोलून गेले.

काही दिवसांतच अनुदान थांबलं. हे बोलण्याचीच ही शिक्षा आहे, असं थिओंचं म्हणणं होतं. डार्पाच्या प्रवक्त्यांनी मात्र जागतिक घडामोडींचं कारण पुढे केलं.

खाल्ल्या मिठाला जागावं, अशी आपल्याकडे रीत आहे. पण ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याबद्दल तोंडच उघडायचं नाही, असाही तिचा अर्थ होतो का? या प्रकल्पाचा इतिहास पाहिला, तर त्याचं उत्तर सुरुवातीपासूनच ‘नाही’ असं होतं.

प्रकल्पाचं नाव ओपनबीएसडी. सर्व्हर आणि फायरवॉल चालवण्यासाठी वापरली जाणारी ही एक मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम. तिचं घराणं कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाचं. एटी अँड टी कंपनीच्या बेल लॅब्समध्ये जन्मलेल्या युनिक्सवर बर्कलेच्या संशोधकांनी भर घातली, त्यातून ‘बीएसडी’ घडलं. मालकी कुणाची, यावरून १९९२ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९४ मध्ये तडजोडीनं मिटलं. दरम्यान १९९३ मध्ये नेटबीएसडी हा मुक्त प्रकल्प सुरू झाला होता. थिओ त्याच्या संस्थापकांपैकी एक.

जन्म दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा, वाढ कॅनडातल्या कॅलगरीची. माणूस हुशार, पण जीभ तिखट. डिसेंबर १९९४ मध्ये सहकाऱ्यांनी त्यांना मुख्य गटातून राजीनामा द्यायला लावला. चूक कुणाची, यावर आजही दोन मतं आहेत. ऑक्टोबर १९९५ मध्ये त्यांनी वेगळी चूल मांडली, तेच ओपनबीएसडी.

नावातला ‘ओपन’ नुसता शोभेचा नव्हता. तेव्हा मुक्त म्हणवणाऱ्या प्रकल्पांतही रोजच्या बदलांचं भांडार मोजक्या लोकांनाच दिसायचं. बाकीच्यांना तयार माल मिळायचा. ओपनबीएसडीनं ते भांडार इंटरनेटवर सर्वांना वाचायला खुलं केलं. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली, हे कुणालाही पाहता येऊ लागलं.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ हे व्यवहारात चालतं, संगणकाच्या सुरक्षेत ते फसतं. लपवलेली चूक हल्लेखोराला सापडतेच, फक्त मालकाला ती शेवटी कळते. म्हणून १९९६ पासून या मंडळींनी सगळा जुना कोड फाइलमागून फाइल वाचायला घेतला. चुकीचा गैरफायदा घेता येतो की नाही, यावर वाद घालत बसायचं नाही. चूक दिसली की दुरुस्त करायची आणि तशीच चूक आणखी कुठे आहे का, ते शोधायचं. पुढे कळायचं की अमुक ठिकाणी सापडलेलं भगदाड इथे आधीच बुजवलेलं आहे.

दुसरा नियम साधा होता. नवी सिस्टीम बसवली की गरजेपुरत्याच सेवा चालू, बाकी सगळं बंद. ज्याला हवं त्यानं समजून-उमजून चालू करावं. घर ताब्यात घेताना सगळ्या खिडक्या लावलेल्या मिळाव्यात, तसं.

कॅलगरीचा पत्ताही कामाला आला. १९९० च्या दशकात अमेरिका बळकट एन्क्रिप्शनकडे शस्त्रासारखं पाहत होती. त्याच्या निर्यातीवर कडक बंधनं होती. कॅनडातून मात्र ते जगाला देता येत होतं. १९९९ मध्ये दहा प्रोग्रॅमर कॅलगरीत जमले आणि एन्क्रिप्शनच्या कामाला बसले. ‘हॅकेथॉन’ हा आज कॉलेजाकॉलेजात ऐकू येणारा शब्द त्या जमावड्यापासून रूढ झाला.

त्याच वर्षी ओपनएसएसएच आलं. दूरच्या सर्व्हरशी बोलताना पासवर्ड चोरीला जाऊ नये, म्हणून फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं होतं. पुढे त्याचा परवाना आवळत गेला. ओपनबीएसडीच्या गटानं जुनी मुक्त आवृत्ती उचलली, साफ केली आणि सर्वांना फुकट दिली. आज लिनक्स, मॅक आणि विंडोज या सगळ्यांत ती आहे. पुण्यात बसून परदेशातला सर्व्हर सांभाळणारा अभियंता बहुधा तिच्याच दारातून आत जातो. यातल्या किती जणांना हे दार कुणी बसवलं, ते ठाऊक असेल?

आता कसोटीचे प्रसंग पाहू. ‘पाच वर्षांत मूळ मांडणीत बाहेरून घुसता येईल असं एकही भगदाड नाही’, अशा अर्थाचं वाक्य हा प्रकल्प अभिमानानं मिरवायचा. जून २००२ मध्ये खुद्द ओपनएसएसएचमध्येच तसं भगदाड निघालं. त्यांनी वाक्य पुसलं नाही, दुरुस्त केलं आणि ‘एक भगदाड’ असं लिहिलं. २००७ मध्ये दुसरं सापडलं, तेव्हा आकडा दोन झाला. टीकाकार म्हणतात, जवळपास सगळंच बंद असलेल्या सिस्टीमचा हा दावा तोकडा आहे. त्यात तथ्य आहे. पण आपल्या पाटीवर आपलीच चूक लिहिणारे दुकानदार किती असतात?

डिसेंबर २०१० मध्ये थिओंना एक खासगी ईमेल आला. दहा वर्षांपूर्वी अमेरिकेच्या एफबीआयनं तुमच्या एन्क्रिप्शनच्या कोडमध्ये चोरवाट ठेवून घेतली होती, असा त्यात आरोप होता. नाव जपायचं तर ईमेल दाबून टाकणं सोपं होतं. थिओंनी तो जसाच्या तसा जाहीर केला आणि लोकांना कोड तपासायला सांगितलं. तपासणीत काही किरकोळ चुका निघाल्या, चोरवाटेचा पुरावा मिळाला नाही.

आणि २००३ चं काय झालं? डार्पाचा पैसा आटला, तरी त्या मे महिन्यातली कॅलगरीची बैठक झालीच.

या स्वातंत्र्याची किंमत मात्र खरी होती. जानेवारी २०१४ मध्ये प्रकल्पाकडे विजेचं बिल भरायला पैसे नव्हते. वर्षाला सुमारे २० हजार डॉलर लागत होते. ज्यांचे अब्जावधींचे व्यवहार या दारातून चालतात, त्यांच्यापैकी कुणालाही हे बिल आपलं वाटलं नव्हतं. जाहीर आवाहनानंतर देणग्या आल्या. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टनंही हात पुढे केला.

ओपनबीएसडी फार लोक वापरत नाहीत. वेगात ती मागे पडते, नव्या सोयी तिच्यात उशिरा येतात, आणि थिओंच्या स्वभावाचा जाच अनेकांनी सोसला आहे. तरी दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघते, आणि कोड वाचायचं काम चालूच असतं.

आपल्याकडे सरकारं आणि कंपन्या रोज सांगतात, तुमची माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे, विश्वास ठेवा. या इतिहासातून एक साधा प्रश्न हाती येतो. विश्वास ठेवायला हरकत नाही, पण मूठ उघडून दाखवाल का?